अ‍ॅडम्सने मागितलेली ओळ

जानेवारी १८१५ मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाने, जॉन अ‍ॅडम्सने मॅसॅच्युसेट्सचा माजी सिनेटर जेम्स लॉइड याला एक पत्र लिहिलं. अ‍ॅडम्स तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. आपल्या थडग्यावर काय कोरावं, हे त्याने त्या पत्रात सांगून टाकलं: ‘१८०० साली फ्रान्सशी शांतता करण्याची जबाबदारी ज्याने स्वतःच्या शिरावर घेतली, तो जॉन अ‍ॅडम्स इथे विसावला आहे.’ यापलीकडे एक अक्षरही नको, असंही त्याने लिहिलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले होते. ज्या माणसाने १७७५ मध्ये सरसेनापती म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव पुढे केलं, १७७६ च्या उन्हाळ्यात स्वातंत्र्याच्या ठरावासाठी काँग्रेसमध्ये जिवाच्या आकांताने भांडला, मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेचा मसुदा लिहिला, हॉलंडच्या सावकारांकडून नव्या देशासाठी कर्ज मिळवलं आणि १७८३ च्या पॅरिसच्या तहावर सही केली, त्याला यातलं एकही काम दगडावर नको होतं. त्याला हवा होता तो एकच तह, जो करताना त्याने आधी आपला पक्ष गमावला आणि पाठोपाठ राष्ट्राध्यक्षपदही.

त्या तहाची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगावी लागते. स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेच्या पाठीशी फ्रान्स उभा राहिला तो १७७८ च्या मैत्रीच्या तहाने. पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजाचं मुंडकं उडालं आणि १७९३ मध्ये फ्रान्स-ब्रिटन युद्ध पेटलं. आता अमेरिकेने कुणाच्या बाजूने उभं राहायचं? वॉशिंग्टनने एप्रिल १७९३ मध्ये तटस्थता जाहीर केली. नौदलच नसलेल्या आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर असलेल्या देशाला दुसरं काही परवडणारंही नव्हतं. पण देशाचं मन तटस्थ नव्हतं. जेफरसनच्या रिपब्लिकन मंडळींना फ्रान्सची क्रांती आपलीच वाटत होती आणि हॅमिल्टनच्या फेडरलिस्टांना व्यापारासाठी ब्रिटन हवा होता. परराष्ट्र धोरणावरून घराघरांत, चर्चमध्ये, खानावळींत दोन तट पडले.

त्यात १७९४ मध्ये सरन्यायाधीश जॉन जे याने लंडनमध्ये ब्रिटनशी करार केला. सिनेटने तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे दोन तृतीयांशाच्या अगदी काठावर, मंजूर केला. गावोगावी जेचे पुतळे जाळले गेले. न्यूयॉर्कमध्ये कराराची बाजू मांडायला उभ्या राहिलेल्या हॅमिल्टनवर लोकांनी दगड भिरकावले. या कराराचं तेरावं कलम आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. त्याने अमेरिकन जहाजांना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानी बंदरांत, म्हणजे मुंबईतसुद्धा, व्यापारासाठी यायची मुभा दिली होती. इथल्या मालासाठी सातासमुद्रापार कोण कोण वाद घालत होतं, हे समजलं की त्या काळाचा नकाशा डोक्यात वेगळाच उघडतो.

फ्रान्सला मात्र हा करार म्हणजे पाठीत खंजीर वाटला. फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजांनी अमेरिकन व्यापारी जहाजं पकडायला सुरुवात केली. मार्च १७९७ मध्ये फेडरलिस्ट पक्षाचा अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा पकडलेल्या जहाजांचा आकडा तीनशेच्या घरात जात होता. निवडणुकीत त्याला इलेक्टरांची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची, ७१ मतं होती आणि जेफरसनला ६८. तेव्हाच्या नियमाने दुसरा आलेला उपराष्ट्राध्यक्ष होत असे. म्हणजे विरोधी पक्षाचा नेताच उपराष्ट्राध्यक्ष. त्यातच वॉशिंग्टनचं जुनं मंत्रिमंडळ अ‍ॅडम्सने तसंच ठेवलं. परराष्ट्र खात्यात टिमोथी पिकरिंग, अर्थखात्यात ऑलिव्हर वॉलकॉट, युद्धखात्यात जेम्स मॅकहेन्री. हे तिघे बसत अ‍ॅडम्सच्या टेबलाशी, पण सल्ला घेत न्यूयॉर्कमध्ये वकिली करणाऱ्या, कुठल्याही पदावर नसलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनचा.

अ‍ॅडम्सने बोलणी करायला तिघांना पॅरिसला पाठवलं: चार्ल्स कोट्सवर्थ पिंक्नी, जॉन मार्शल आणि एल्ब्रिज गेरी. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याने त्यांना ताटकळत ठेवलं आणि मध्यस्थ धाडले. मध्यस्थांची मागणी अशी की आधी तालेराँसाठी सुमारे अडीच लाख डॉलर, वर फ्रान्सला मोठं कर्ज, मग बोलणी. पिंक्नी उसळून म्हणाला, ‘नाही, नाही, सहा पेन्ससुद्धा नाही!’ एप्रिल १७९८ मध्ये हे खलिते काँग्रेससमोर उघडे झाले. मध्यस्थांच्या नावांऐवजी एक्स, वाय, झेड अशी अक्षरं घातली होती, म्हणून प्रकरणालाही तेच नाव पडलं.

देश पेटून उठला. आयुष्यभर आपल्याला कुणी नीट ओळखलंच नाही असं वाटत आलेल्या या बुटक्या, फटकळ, विद्वान माणसाला अचानक लोकांनी डोक्यावर घेतलं. मे महिन्यात तेव्हाच्या राजधानीतले, फिलाडेल्फियातले हजारभर तरुण टोप्यांवर काळ्या फिती लावून त्याच्या घरावर मिरवणुकीने आले आणि तो लष्करी पोशाखात, कमरेला तलवार लावून त्यांना सामोरा गेला. ‘संरक्षणासाठी लाखो, खंडणीसाठी एक छदामही नाही’ ही घोषणा त्याच उन्हाळ्यातली. काँग्रेसने वेगळं नौदल खातं काढलं, सैन्य वाढवलं, घरांवर आणि जमिनींवर थेट कर बसवला. कॅरिबियन समुद्रात अमेरिकन आणि फ्रेंच जहाजं एकमेकांवर तोफा डागू लागली. युद्ध जाहीर झालं नव्हतं एवढंच.

या उन्हाळ्याचं एक पान मला टाळता येत नाही. जुलै १७९८ मध्ये अ‍ॅडम्सने राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकारवर, राष्ट्राध्यक्षावर ‘खोटं आणि बदनामीकारक’ लिहिणाऱ्याला दंड आणि तुरुंग. व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन याला राष्ट्राध्यक्षाविरुद्ध लिहिलं म्हणून चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला. लोकांनी तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिलं. त्याच वेळी झालेला शत्रुराष्ट्रीय परकीयांचा कायदा तर अजून अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी, जर्मन आणि इटालियन नागरिकांना त्याच्याच आधारे पकडून छावण्यांत ठेवलं गेलं. अ‍ॅडम्सवर माझं प्रेम आहे, पण त्याच्या पुढच्या धैर्याने ही सही पुसली जात नाही. वर्तमानपत्रांनी त्याला कितीही बोचकारलं असलं, तरी टीकाकारांना गजाआड घालण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याला आवडणारी माणसं या प्रकरणावरून पटकन पुढे जातात, ते मला पटत नाही.

सैन्याचं प्रकरण आणखी गंभीर होतं. नावाला सेनापती वॉशिंग्टन, पण तो माउंट व्हर्ननला निवृत्त. प्रत्यक्षात सूत्रं दुसऱ्या क्रमांकाच्या हॅमिल्टनकडे. या सैन्याच्या बळावर स्पेनच्या ताब्यातला फ्लोरिडा आणि लुइझियाना घ्यायचे बेत त्याच्या डोक्यात होते, विरोधकांच्या व्हर्जिनियाला धाक दाखवण्याची भाषाही त्याच्या पत्रांत आहे. फ्रेंच फौज अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरण्याची शक्यता जवळपास नव्हती. मग हे सैन्य नक्की कुणासाठी? अ‍ॅडम्सला हा प्रश्न दिवसेंदिवस छळू लागला. लाकडी तटबंदी, म्हणजे नौदल, त्याला हवं होतं. हे खडं सैन्य नको होतं.

आणि युरोपातून वेगळेच सूर येऊ लागले होते. पॅरिसमध्ये एकटा मागे थांबलेला गेरी १७९८ च्या शरद ऋतूत परत आला आणि म्हणाला, फ्रान्सला युद्ध नको आहे. बर्लिनला राजदूत असलेला मुलगा जॉन क्विन्सी पत्रांतून तेच कळवत होता. जानेवारीत धाकटा मुलगा थॉमस युरोपातून परतला, त्यानेही तेच सांगितलं. मग हेग इथले अमेरिकन दूत विल्यम व्हॅन्स मरे यांच्याकडून तालेराँचा शब्द आला. पुन्हा दूत पाठवीन तो ‘थोर, मुक्त, सामर्थ्यशाली आणि स्वतंत्र राष्ट्राचा प्रतिनिधी’ म्हणून मान राखला जाईल याची हमी मिळाल्यावरच, असं अ‍ॅडम्स जूनमध्ये काँग्रेसला म्हणाला होता. तालेराँने जवळजवळ तेच शब्द परत पाठवले होते. राजनीतीत असे इशारे ओळखायला कान लागतो. अ‍ॅडम्सचा कान युरोपच्या दरबारांत घालवलेल्या वर्षांनी तयार झालेला होता.

१८ फेब्रुवारी १७९९ रोजी सिनेटचं कामकाज सुरू असताना राष्ट्राध्यक्षाचा एक छोटा संदेश आला. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन. त्यानेच तो वाचून दाखवला: फ्रान्सशी बोलणी करण्यासाठी मरे यांची नेमणूक करत आहे. बस्स, एवढंच. मंत्रिमंडळाला पत्ता नाही, पक्षाला पत्ता नाही. परराष्ट्रमंत्री पिकरिंगला ही बातमी इतरांसारखीच बाहेरून कळली. फेडरलिस्ट सिनेटर सुन्न झाले. जो पक्ष युद्धाच्या लाटेवर निवडणुका जिंकत होता, त्याच्याच नेत्याने ती लाट मोडायचं ठरवलं होतं.

बॉस्टनजवळच्या क्विन्सीमध्ये, मेट्रोच्या स्टेशनसमोरच, अ‍ॅडम्सचं चर्च आहे. आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला तिथे घेऊन गेले. त्याआधी तिने बंकर हिलचा स्तंभ पाहिला होता, लेक्झिंग्टनचा बंदूकधारी पुतळा पाहिला होता. चर्चच्या तळघरात ग्रॅनाइटच्या चार शवपेट्या आहेत: जॉन आणि अ‍ॅबिगेल, मुलगा जॉन क्विन्सी आणि सून लुइझा. आई बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, “यांची लढाई कुठली गं?”

मी तिला १७९९ ची गोष्ट सांगितली. वर प्रार्थनागृहात भिंतीवर अ‍ॅडम्सचा स्मृतिलेख आहे, तो तिला वाचून दाखवला. लेख मुलाच्या शब्दांतला. त्यात ४ जुलै १७७६ आहे, पॅरिस तहाचा सप्टेंबर १७८३ आहे, आणि त्याच्या मृत्यूचा ४ जुलै १८२६ आहे. १८०० नाही. फ्रान्स नाही. ज्या एका ओळीसाठी म्हाताऱ्याने इतकं लिहून ठेवलं, ती ओळच नाही. ज्या मुलाच्या पत्रांनी बापाला शांततेचा विश्वास दिला, त्याच मुलाने ती गाळली. का, याचा मी अजून विचार करते. कदाचित स्वातंत्र्य मिळवलं हे भिंतीवर लिहिता येतं, सगळ्यांना कळतं. जे युद्ध पेटलंच नाही ते कुणाला आणि कसं सांगायचं?

आईने तोवर दुसराच प्रश्न विचारला होता. “एवढा मोठा निर्णय घेतला तेव्हा बायको कुठे होती?”

तिने नेमकं बोट ठेवलं होतं. अ‍ॅबिगेल त्या हिवाळ्यात फिलाडेल्फियात नव्हती. आजारपणामुळे ती क्विन्सीतच राहिली होती. जॉनच्या प्रत्येक राजकीय पावलात तिचा सल्ला असे, आणि १७९८ मध्ये ती फ्रान्सविरुद्ध नवऱ्याहूनही कडक होती, राजद्रोहाच्या कायद्याच्या बाजूनेही होती. संदेशानंतर काही दिवसांनी जॉनने तिला लिहिलं की तू इथे नाहीस याचं लोकांना केवढं दुःख आहे, ती असती तर मरेचं नाव आलंच नसतं असं म्हणतात. म्हणजे त्या दिवशी त्याने मंत्र्यांना विचारलं नाही, पक्षाला विचारलं नाही, आणि ज्या एका व्यक्तीला तो नेहमी विचारायचा ती शेकडो मैल दूर होती. आई म्हणाली, “मग खरंच एकटा होता बिचारा.”

इथे थोडं थांबून सांगते की त्याचा एकटेपणा सगळाच कौतुकाचा नव्हता. मंत्र्यांशी बोलून, पक्षातल्या मवाळांना हाताशी धरून हेच काम जास्त शिताफीने करता आलं असतं. पुढे पक्षाच्या दबावाने मरेच्या जोडीला सरन्यायाधीश ऑलिव्हर एल्सवर्थ आणि नॉर्थ कॅरोलिनाचा विल्यम डेव्ही अशी आणखी दोन नावं घालावी लागलीच. त्यानंतर अ‍ॅडम्स मार्चमध्ये क्विन्सीला जाऊन बसला तो थेट ऑक्टोबरपर्यंत. इकडे पिकरिंग आणि मंडळींनी शिष्टमंडळ निघणारच नाही अशी तजवीज चालवली. नौदलमंत्री बेंजामिन स्टॉडर्टने लिहून लिहून त्याला बोलावलं, तेव्हा तो निघाला. पॅरिसच्या तहात बरोबर असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने याच अ‍ॅडम्सबद्दल फार पूर्वी लिहून ठेवलं होतं की तो नेहमी प्रामाणिक असतो, पुष्कळदा शहाणा असतो, पण कधीकधी आणि काही बाबतींत त्याचं भान पार सुटतं. फ्रँकलिनचा राग समजून घेतला तरी यात तथ्य आहे.

फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ होती म्हणून सरकार ट्रेंटनला हललं होतं. तिथे हॅमिल्टन न बोलावता आला. युरोपात रशियन आणि ऑस्ट्रियन फौजांनी फ्रान्सला मागे रेटलं होतं. हॅमिल्टनचं म्हणणं, फ्रान्सचं राज्य कोसळतंय, क्रांतीने हटवलेल्या बूर्बाँ घराण्याचा राजा परत येईल, आता दूत पाठवणं वेडेपणा आहे. अ‍ॅडम्सने पुढे लिहिलेल्या आठवणींत हे दृश्य आहे: हा छोटा माणूस तावातावाने बोलत होता आणि आपण शांतपणे ऐकत होतो, आयुष्यात कुणाला इतकं मूर्खासारखं बोलताना ऐकलं नव्हतं. हा एका बाजूचा वृत्तांत आहे हे खरं. पण निर्णयाबद्दल वाद नाही. १६ ऑक्टोबरला अ‍ॅडम्सने हुकूम दिला आणि ३ नोव्हेंबर १७९९ रोजी एल्सवर्थ आणि डेव्ही न्यूपोर्टहून ‘युनायटेड स्टेट्स’ या लढाऊ जहाजाने निघाले.

ते समुद्रात असतानाच पॅरिसमध्ये नेपोलियनने सत्ता हाती घेतली. बूर्बाँ राजा आला नाही. मार्च १८०० मध्ये दूत पॅरिसला पोचले, तेव्हा नेपोलियनने वॉशिंग्टनच्या मृत्यूबद्दल फ्रान्समध्ये दहा दिवसांचा दुखवटाही पाळून झाला होता. बोलणी महिनोन्‌महिने घासली गेली. एका बाजूला १७७८ चा मैत्रीचा तह रद्द करण्याचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला पकडलेल्या जहाजांची भरपाई. फ्रान्सचं उत्तर सरळ होतं: जुना तह हवा तर भरपाईचं बोलू, तह नको तर भरपाईही नाही. शेवटी हे दोन्ही पुढे ढकलून ३० सप्टेंबर १८०० च्या तारखेचा करार झाला. नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्ट याच्या मॉर्तफाँतेन इथल्या वाड्यावर त्याची मेजवानी झाली.

इकडे निवडणूक संपत आली होती. मे महिन्यात अ‍ॅडम्सने मॅकहेन्रीला आणि पिकरिंगला घालवलं, सैन्य मोडीत निघालं. ऑक्टोबरमध्ये हॅमिल्टनने स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध पन्नासहून जास्त पानांची पुस्तिका छापली. वसंतातच रिपब्लिकनांच्या एरन बरने न्यूयॉर्कची विधानसभा खेचून घेतली होती आणि तिच्याबरोबर राज्याची १२ मतं. तहाची बातमी नोव्हेंबरमध्ये पोचली, तोवर बहुतेक राज्यांचे इलेक्टर ठरून गेले होते. जेफरसन आणि बर प्रत्येकी ७३, अ‍ॅडम्स ६५. दक्षिणेतल्या राज्यांना गुलामांच्या संख्येच्या तीन पंचमांशाइतकी जादा प्रतिनिधित्वाची ताकद होती, ती नसती तर निकाल उलटा लागला असता हा हिशेब अनेक इतिहासकारांनी मांडला आहे. त्याच सुमारास अ‍ॅडम्सचा मुलगा चार्ल्स दारूपायी न्यूयॉर्कमध्ये वारला. मतमोजणीचे आकडे वाचताना मला ही तारीख शेजारी लिहून ठेवावीशी वाटते.

या शांततेने पुढे काय दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. १८०३ मध्ये नेपोलियनने लुइझियाना दीड कोटी डॉलरला विकलं आणि देश जवळजवळ दुप्पट झाला. फ्रान्सशी युद्ध सुरू असतं, तर ही विक्री झाली असती असं मला वाटत नाही. श्रेय सगळं जेफरसनच्या खात्यावर जमा झालं.

पण शांततेची किंमत कुणी मोजली, हेही बघायला हवं. आजच्या हैतीत, तेव्हाच्या सँ-दोमँगमध्ये, तुसाँ लूव्हर्चूर गुलामीतून उठलेल्या लोकांचं राज्य सांभाळत होता. अ‍ॅडम्सच्या सरकारने त्याच्याशी व्यापार उघडला होता, अमेरिकन लढाऊ जहाजांनी १८०० मध्ये त्याला मदतही केली होती. फ्रान्सशी शांतता झाल्यावर आणि जेफरसन आल्यावर हा हात सुटला. नेपोलियनने १८०२ मध्ये आपली फौज तिथे उतरवली. तुसाँला पकडून फ्रान्सला नेलं आणि एप्रिल १८०३ मध्ये तो तिथल्या एका थंड किल्ल्यात कैदी म्हणून मेला. हे अ‍ॅडम्सने ठरवलेलं नव्हतं, पण त्याच्या तहाशी त्याचा धागा आहे.

आणि ती पकडलेली जहाजं. तह सिनेटमध्ये पहिल्या मतदानात पडला, मग फेब्रुवारी १८०१ मध्ये दुसरं कलम, म्हणजे जुना तह आणि भरपाई हे प्रश्न पुढे ढकलणारं, वगळून मंजूर झाला. नेपोलियन म्हणाला, कलम वगळायचं तर दोन्ही बाजूंनी दावेही सोडायचे. अमेरिकेने मान्य केलं. देश १७७८ च्या बंधनातून मोकळा झाला, त्याच्या बदल्यात सेलम, बॉस्टन, बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांचे बुडालेले पैसे सरकारने सोडून दिले. मग तेच व्यापारी भरपाई मागायला स्वतःच्याच काँग्रेसच्या दारात उभे राहिले. अर्ज येत राहिले, समित्या बसत राहिल्या. १८८५ मध्ये काँग्रेसने एकदाचा कायदा करून हे दावे कोर्ट ऑफ क्लेम्सकडे, म्हणजे सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवले. ज्यांची जहाजं गेली होती त्यांच्यातलं तेव्हा कुणीही हयात नव्हतं. खटले वारसांच्या नावाने उभे राहिले.